बघायला आलेले दोघे

शुक्रवार, ६ मार्च

खारे,

आधी आला तो जाडा. दारात उभा राहून हाशहुश करतोय, कपाळ पुसतोय, आणि त्याच्या मागून जिन्यावर दुसरा, इतका उंच की त्याला आपल्या चौकटीतून वाकून आत यावं लागलं. काल गुरुवारी, सकाळचे दहा वाजले असतील. मी नुकती अंघोळ करून केस सोडून बसलेली. खालची शिंपीण सुईत दोरा ओवून घ्यायला आलेली. आता बघ, जन्मभर शिलाई केली तिनं, आणि दोरा ओवायला माझ्याकडे! मी तिच्याहून दहा वर्षांनी म्हातारी, तरी डोळे माझे चांगले, हे तिला एकदा चारचौघांत कबूल करायला लावणार आहे.

तर काय सांगत होते? हां, जाडा. जाडा म्हणतो, "आजी, तुमची नात इथं आलीय ना? तिला बघायला आलोय."

अगं, माझ्या हातातली सुईच पडली. अजून सापडलेली नाही, आलीस की चप्पल घालून फीर. शिंपिणीनं मला कोपरानं असं ढोसलं की बरगडी अजून दुखतेय. मी म्हटलं, बसा, बसा. केस बांधले, कपाटातला फुलाफुलांचा सेट काढला, ज्याच्या एका कपाला कान नाही तो शिंपिणीला दिला.

म्हटलं, मुलगी इथं नसते हो, शहरात नोकरीला असते. पाणी खात्यात. किल्ल्या सांभाळायचं काम, फार जबाबदारीचं.

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. मला वाटलं, छाप पडली.

"म्हणजे ती आलीच नाही?" उंच्यानं विचारलं. "काल संध्याकाळी? आज सकाळी?"

"चार महिने झाले तोंड दाखवून," मी म्हटलं. "पण स्वभावानं चांगली आहे."

मग जाडा म्हणतो, "एकदा डोळ्यांनी बघितली असती म्हणजे झालं असतं. आमच्यात फोनवर चालत नाही." मला इतकं बरं वाटलं! हल्ली लोक फोटो बघून हो म्हणतात आणि फोटो बघूनच नाही म्हणतात. तरी मी तुझा दोन वेण्यांचा फोटो आणून उंच्याच्या हातात दिला. त्यानं बघितला आणि त्याचा चेहरा असा झाला, जणू कुणी पांढरा रंग मारला. लाजाळू आहे बिचारा. चहाचा कप तोंडाला लावला आणि तसाच खाली ठेवला.

काय करता विचारलं तर म्हणाला, "पंपावर असतो." मी विचारलं, दोघं एकाच पंपावर? तो म्हणाला, "हो, तुमची नातही..." आणि जाड्यानं त्याच्या पायावर पाय दिला. मी बघितलं. पेट्रोल पंप काही वाईट नाही, लोक गाड्या थोड्याच सोडणार आहेत. पण खारे, त्यांच्या अंगाला वास पेट्रोलचा नव्हता. फिनेल होतं, आणि फिनेलच्या खाली दुसरं काहीतरी. शिंपीण म्हणाली डिझेल असेल. तिला नाक कुठंय.

आणि एकाएकी उठलेच. "निघतो आजी, घाई आहे." दोन-दोन पायऱ्या उतरत गेले, जाड्यासुद्धा! शिंपीण म्हणते, मुलगी नाही म्हटल्यावर पळाले, म्हणजे मनात नव्हतं. मी म्हटलं, मग तो फोटो खिशात घालून का गेला?

आता मला खरं सांग. मागणी उंच्याची ना? जाड्याची असेल तर आधी कळव, म्हणजे मनाची तयारी करते.

तुझी
आजी

---

मंगळवार, १० मार्च

आजी,

तुझं पत्र वाचून मी हसले, मग रडले, म्हणून उत्तराला दोन दिवस उशीर.

जाडा आमचा मुकादम. उंच तो लंब्या, माझा जोडीदार, म्हणजे कामातला. ते मागणी घालायला आले नव्हते. मी जिवंत आहे का ते बघायला आले होते.

मी तुला तीन वर्षं सांगतेय की पाणी खात्यात किल्ल्या सांभाळते. आजी, किल्ली एकच आहे, आणि पाणी स्वच्छ नाही. शहरातली सगळी घाण, संडासाची, मोरीची, कारखान्यांची, एका खोल खड्ड्यात येऊन पडते. तिथले मोठे पंप ती पुढे ढकलतात. पंपात चिंध्या, केस, पोती, वायरी अडकतात. त्या काढायला माणूस उतरतो. ती मी. अंगभर रबरी सूट, डोक्यावर हेल्मेट, हवेची नळी वरून येते. लंब्या वर दोरी आणि नळी धरून बसतो. कधी तो उतरतो आणि मी धरते. खाली डोळे मिटले काय आणि उघडले काय, सारखंच. हातानं बघायचं.

उतरायच्या आधी पंपाच्या स्विचला मी माझं कुलूप लावते आणि किल्ली गळ्यात घालून खाली जाते. दुसरी किल्ली नसते. मी पात्यांत हात घातलेला असताना कुणी चुकून पंप चालू करू नये म्हणून. कुलूप दिसलं म्हणजे माणूस खाली. दुसऱ्या एका शहरात एकाचं कुलूप राहिलं होतं, सूट खुंटीवर होता, तेव्हा लोकांनी धरलं की तो घरी गेला. कुलूप तोडून पंप चालू केला. तो नेहमीच्या कपड्यांत शिडीवरून घसरून आत पडलेला होता. तेव्हापासून मुकादमाचा नियम असा, की ज्याचं कुलूप त्याला डोळ्यांनी बघितल्याशिवाय तोडायचं नाही. फोनवर तर नाहीच.

गेल्या बुधवारी खाली माझी नळी कशात तरी दुमडली. हवा थांबली. लंब्या म्हणतो अकरा सेकंद. मला मोजता आली नाहीत. वर आले, हसले, थट्टा केली, कुणाला काही बोलले नाही. लंब्याला म्हटलं, दोन दिवस आजीकडे जाते. खरं तर गुरुवारी दुसऱ्या गावात टाइल्सच्या दुकानात मुलाखत होती, तिकडे गेले. फोन बंद ठेवला. कुलूप काढायचं विसरले. तीन वर्षांत पहिल्यांदा. मी स्वच्छ खुर्चीवर बसून उत्तरं देत होते आणि किल्ली ब्लाउजच्या आत होती.

सकाळी मुकादम आणि लंब्या पंप चालू करायला गेले तर स्विचला माझं कुलूप, आणि चिंध्या ओढायचा माझा लोखंडी आकडा खड्ड्याच्या कडेला पडलेला. जणू मी तो उचलायला गेले आणि पाय घसरला. म्हणून दोघं गाडी काढून तुझ्याकडे आले. तू म्हणालीस, आलीच नाही.

परत जाऊन लंब्या उतरला. दोन तास तळ चाचपडत होता, मला शोधत. काचेनं हातमोजा फाटून तळवा चिरला. पंप बंद होता तोपर्यंत घाण वर चढत गेली आणि खालच्या गल्लीत अकरा घरांत शिरली. किल्ली हाताला लागताच निघून मी पाच वाजता फाटकातून आत आले तेव्हा मुकादम जमिनीवर बसला होता. माझ्याकडे बघितलं. हात पुढे केला आणि म्हणाला, "किल्ली."

दोन दिवस मी त्या गल्लीत फरशा धूत होते. लंब्याला जखमेतून ताप चढला, तो दवाखान्यात आहे. मी दोनदा वॉर्डाच्या दारापर्यंत गेले आणि परत आले.

तू दिलेला फोटो त्याच्याकडेच आहे.

खारू

---

शनिवार, १४ मार्च

खारे,

दारातून परत आलीस? दोनदा? तो माणूस तुला घाणीत शोधून आला आणि तुला वॉर्डाची दोन पावलं जड झाली? हे आधी लिहिते, कारण मी बोलायला लागले की मूळ गोष्ट राहून जाते, हे तू मला लहानपणापासून ऐकवतेस. पत्र मिळताच जा. फळं-बिळं नेऊ नकोस, दवाखान्यात फळांचा कंटाळा येतो. स्वच्छ उशीचा अभ्रा ने, घरचा. दवाखान्याचे अभ्रे मला माहीत आहेत.

शिंपिणीला मी काही सांगितलेलं नाही. ती अजून पेट्रोल पंपावरच आहे. काल विचारत होती, त्यांच्याकडे हवा फुकट भरून मिळते का. मी म्हटलं, हवेचंच काम आहे त्यांचं.

आता तुझं खोटं. तुझं पत्र वाचलं आणि मला रागच येईना, मग मला माझाच राग आला. कारण मी काय केलं ते ऐक. तुला माहीत आहे, मी एकतीस वर्षं दवाखान्याच्या धोबीखान्यात होते. तुला काय माहीत आहे? की तिथं मी घड्या घालत होते. माझ्या आईलाही तेच सांगितलं होतं. अगं, घड्या घालायला वरच्या मजल्यावर दोघी वेगळ्या होत्या, पांढऱ्या एप्रनवाल्या! मी तळघरात. ऑपरेशनच्या चादरी गठ्ठ्यांनी यायच्या, त्या आधी हातानं झटकायच्या, आत काही राहिलंय का बघायला. सुया राहायच्या. कात्र्या राहायच्या. एकदा काय राहिलं होतं ते मी लिहीत नाही, तू जेवणाच्या आधी वाचत असशील. दोनदा सुई लागली, सहा-सहा महिने झोप नाही, की आता काय निघतंय रक्तात. सोड्यानं हात उकडलेल्या बटाट्यासारखे. आई म्हणायची, घड्या घालून घालून माझ्या पोरीचे हात किती मऊ झालेत! कातडीच निघाली होती, मऊ लागणारच. ती गेली तोपर्यंत तिला घड्याच माहीत होत्या.

मी लाजेनं सांगितलं नाही. तू कशानं सांगितलं नाहीस? मी अडवीन म्हणून? अडवलंच असतं. पण अडवायची संधी तरी द्यायचीस. तीन वर्षं मी लोकांना किल्ल्यांचं कौतुक सांगत फिरले, आणि तू तिकडे पात्यांत हात घालतेस. रात्री कूस वळून झोपतेस का उताणी? श्वास नीट येतो का? गार पाण्यानं नाही, गरमनं अंघोळ कर, आणि नखं बारीक ठेव. नखांत राहतं. मला माहीत आहे.

आणि हे सांग, खाली काय काय सापडतं? म्हणजे माझं आपलं कुतूहल. शिंपिणीची कवळी दोन वर्षांपूर्वी संडासात गेली होती. तिचं म्हणणं, ती आपोआप गेली.

टाइल्सवाले काय म्हणाले ते तू लिहिलंच नाहीस. ते सोयीनं विसरलीस होय ना?

आजी

---

शुक्रवार, २० मार्च

आजी,

गेले. अभ्रा घेऊन गेले. लंब्यानं तो नाकाला लावला आणि म्हणाला, "साबणाचा वास. बारा दिवसांत पहिल्यांदा."

मग मीच म्हटलं, बोल जे बोलायचं ते. तो म्हणाला, "बोलायचं काही नाही. सांगतो फक्त." खाली हाताला जे लागेल ते आधी चाचपून बघायचं, की ती मी तर नाही ना. एक पोतं लागलं, चिंध्यांनी भरलेलं, भिजलेलं. खांदा असावा तसं. ते उचलायला त्याला धीर होईना. तो तिथंच बसून राहिला. वरून मुकादम दोरी ओढून विचारत होता, ठीक आहेस ना, आणि तो उत्तर देत नव्हता. शेवटी पोतं फाडून बघितलं. म्हणाला, "आजपर्यंत खालून काही न घेता वर आलो की मुकादमाच्या शिव्या खायचो. त्या दिवशी मुकादमानं माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलं आणि मिठी मारली. तशाच घाणेरड्या सुटासकट."

मी त्याला अकरा सेकंदांचं खरं सांगितलं. की मी घाबरले होते, आणि भीती त्याच्याही आधीपासून होती, म्हणून महिनाभर दुसरीकडे नोकरी शोधत होते. तो म्हणाला, "मला माहीत होतं. दोरी थरथरत होती. तू हसत वर आलीस म्हणून मीही हसलो." आजी, तो वर होता आणि मी खाली, आणि दोघंही एकमेकांना काही होत नाहीये असं दाखवत होतो.

टाइल्सवाल्यांनी हो म्हटलंय. तीस तारखेपर्यंत कळवायचंय. दुकान इतकं स्वच्छ आहे की चप्पल बाहेर काढावीशी वाटते. बसून काम. पण मी तिथं एक दिवस गेले नाही तर कुणाचं काही अडणार नाही. त्या अकरा घरांतली एक बाई माझ्याबरोबर फरशी घासत होती. तिला ठाऊक नव्हतं मी कोण. म्हणाली, "रोज हे कुठं जातं, याचा आपण विचारच करत नाही, नाही का?" मी हो म्हटलं.

मुकादम म्हणतो, कामावर परत घेईन, पण सगळ्यांसमोर काय झालं ते सांगायचं. मला ते खाली उतरण्यापेक्षा अवघड वाटतंय.

तू सांग मी काय करू. या वेळी तू म्हणशील तसं करते.

कवळ्या पुष्कळ सापडतात. शिंपिणीला वरची हवी की खालची?

खारू

---

बुधवार, २५ मार्च

खारे,

या खेपेला आधी आला तो लंब्या, जाडा मागून. मी तुलाच पत्र लिहायला बसले होते. तू विचारलंस ना, काय करू? मी लिहीत होते, टाइल्सवाल्यांना हो म्हण. त्यात काय विचार करायचा, बसून काम आहे, कोरडं आहे, भिंतीला घाण लागली तरी पुसता येते. एवढं लिहून झालं आणि कडी वाजली. तो कागद वाया घालवला नाही, त्याच्याच पाठीमागे हे लिहितेय. उलटून वाचायची गरज नाही. वाचलंस तरी माझी हरकत नाही.

लंब्यानं आल्या आल्या पायातल्या चपला काढल्या, चौकटीला डोकं आपटलं आणि म्हणाला, "आजी, तुमच्या नातीनं काल टाइल्सवाल्यांना नको म्हणून कळवलं."

"मला न विचारता?"

"तुमच्या पत्राची वाट बघत होती."

"मग?"

"मग वाट बघवेना तिला."

बघ म्हणजे! मी इथं दोन दिवस कागद घेऊन बसलेय, शाई वाळतेय, आणि तू मोकळी. पुन्हा मला काही विचारू नकोस. विचार, पण उत्तर येईपर्यंत दम धर.

मुकादम खुर्चीत बसला (खुर्ची बोलली, मोडली नाही) आणि सगळं सांगितलं. की तू परवा खड्ड्याच्या कडेला सगळ्यांसमोर उभी राहिलीस आणि म्हणालीस, मला भीती वाटते, ती मी लपवली, आणि लपवण्याच्या नादात कुलूप विसरले. म्हणाला, "आजी, वीस वर्षांत हे वाक्य मी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मग वीजवाला बोलायला लागला. मग दुसऱ्या पाळीचा. तासभर थांबेनात."

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

"मी कशाला घाबरू? मी त्या झाकणातून मावतच नाही."

लंब्या असा हसला की शिंपीण खालून धावत वर आली. आल्यावर तिला कळलं की पंप पेट्रोलचा नाही. कळल्यावर ती जरा लांब सरकून बसली. मग पाच मिनिटांनी पुन्हा जवळ सरकली आणि खालची, म्हणाली. कवळी खालची.

मी लंब्याला विचारलं, भीती वाटते म्हणते तर उतरते कशाला? तो म्हणाला, "भीती वाटते म्हणाली, आजी. नको म्हणाली नाही." मलाही एकतीस वर्षं तळघराच्या पायऱ्या उतरताना रोज वाटायची. नको मीही म्हटलं नाही. तेव्हा घरात खाणारी तोंडं होती हे खरं, पण तेवढंच नव्हतं. वरच्या मजल्यावर कुणीतरी त्या चादरीवर निजणार असायचं.

शुक्रवारी तू उतरणार, दहाच मिनिटं, आणि दोरी लंब्या धरणार, असं ठरलंय म्हणे. मी म्हटलं, हात दाखव. तळव्यावर ही एवढी लाल रेघ, दोन बोटं अजून पुरती मिटत नाहीत. म्हटलं, आणि या हातानं माझ्या नातीची दोरी धरणार? तो म्हणाला, डॉक्टरांनी परवानगी दिलीय. डॉक्टरांना काय कळतंय पकडीतलं! मी आतून ओली चादर आणली. धोबीखान्यात आम्ही चादर दोघी पिळायचो, एकीनं एका टोकाला उजवीकडे, दुसरीनं डावीकडे, आणि जिचा हात आधी सुटेल तिच्या नावानं दिवसभर हसायचं. त्याच्या हातात एक टोक दिलं. म्हटलं, पीळ.

खारे, मी मनापासून पिळलं. वय विसरून. मुकादम उठून उभा राहिला. शिंपीण मध्येच म्हणते, "अगं सोड, पोराचा हात आहे!" लंब्याच्या कपाळावर घाम, दात आवळलेले, पण बोटं सुटेनात. पाणी सगळं माझ्या पायावर. शेवटी सुटला तो माझाच हात. मी धाडकन पलंगावर बसले आणि इतकी हसले, इतकी हसले, की दोघं घाबरले.

तेव्हा धरू दे त्याला. मी बघितलंय.

या वेळी चहा पूर्ण प्यायला दोघांनी, लंब्यानं दोन कप, आणि कान नसलेला कप मुकादमानं स्वतःहून मागून घेतला. तुझा फोटो मी परत मागितला. लंब्या म्हणाला, आणायचा राहिला. खोटं बोलतोय, खिशातून कोपरा दिसत होता. ते तुमचं तुम्ही बघा, त्या भानगडीत मी आता एकदा तोंडघशी पडलेय.

जिन्यात मी विचारलं, आता पुन्हा कधी? मुकादम म्हणाला, शुक्रवार होऊन जाऊ दे आजी, मग येतो. रविवारी सकाळी. मी म्हटलं, दोघं? लंब्या तीन पायऱ्या खाली गेला होता, तरी त्याचं डोकं माझ्या बरोबरीला होतं. म्हणाला, "तिघं."

ते गेल्यावर मी चष्मा लावून कॅलेंडरवर लिहिलं. रविवार, एकोणतीस मार्च, सकाळी. तिघं.

आजी